मेंदूचा ब्रेक कोण बांधतं? काजरा, धनुर्वात आणि गेफायरिनची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना सालं आणि नावं घाईत निसटतात, ती इथे नीट घातली आहेत.

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण राजेरजवाड्यांचा नाही. आपल्या मेंदूत आणि मेरुरज्जूत एक ब्रेक असतो. तो कोणती प्रथिनं बांधतात आणि हे माणसाला कळलं कसं, त्याचा हा इतिहास. त्यात कोकणातलं एक विषारी झाड आहे, परळची एक प्रयोगशाळा आहे, पंजाबातल्या एका गावात गेलेले १९ जीव आहेत आणि आमच्या कासुर्डीच्या बाजूचं उसाचं शेतही आहे.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, जीवशास्त्राचा नाही. तरी ही गोष्ट मला जवळची वाटते, कारण मुळात ती डीबगिंगची गोष्ट आहे. यंत्रणा नीट चालू असताना तिच्यातला कुठला भाग काय करतो ते दिसत नाही. एखादा भाग बंद पडला की मग त्याचं काम कळतं. मेंदूचा ब्रेक माणसाला असाच कळला. दर वेळी तो कुठेतरी निकामी झाला आणि त्यातून त्याचा एकेक भाग सापडत गेला.

ब्रेक म्हणजे नेमकं काय?

उरुळी कांचन ओलांडून सोलापूरकडे निघालात की यवतच्या अलीकडे कासुर्डी लागते. हंगामात या रस्त्यावर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चाललेले असतात. चढावर इंजिनाची ताकद लागते. उतारावर मात्र मागचं सगळं वजन आवरावं लागतं, आणि ते इंजिन कमी करून भागत नाही. त्यासाठी ब्रेक ही वेगळी वस्तू लागते.

शरीराचंही तसंच आहे. कुदळ उचलायला कोपर वाकवलं की दंडाचा पुढचा स्नायू आखडतो आणि मागचा सैल पडतो. मागचा आपोआप सैल पडत नाही. त्याला चालवणाऱ्या चेतापेशीला मेरुरज्जूतून ‘थांब’ असा निरोप जातो. दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या जागेला सायनॅप्स म्हणतात. काही सायनॅप्स ‘चल’ म्हणतात, काही ‘थांब’ म्हणतात. या थांब म्हणणाऱ्याला शास्त्रज्ञ इन्हिबिटरी सायनॅप्स म्हणतात. आपण त्याला ब्रेकचा सायनॅप्स म्हणू.

मज्जातंतू थांबवण्याचंही काम करू शकतो ही कल्पना लोकांच्या गळी उतरायला वेळ लागला. १८४५ मध्ये जर्मनीत वेबर बंधूंनी दाखवलं की व्हेगस नावाची नस उत्तेजित केली की हृदयाचे ठोके मंदावतात, थांबतातसुद्धा. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स शेरिंग्टन यांनी स्नायूंच्या जोड्यांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि सांगितलं की थांबवणं ही चेतासंस्थेची स्वतंत्र क्रिया आहे. १९३२ च्या नोबेल भाषणासाठी त्यांनी हाच विषय निवडला.

पण थांबवतं कोण, वीज की रसायन? जॉन एकल्स हे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ विजेच्या बाजूचे, आणि चांगलेच हट्टी. न्यूझीलंडमध्ये त्यांची गाठ तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्याशी पडली. पॉपर यांचा सल्ला असा की आपलं म्हणणं इतकं स्पष्ट मांडा की ते चुकीचं असेल तर चुकीचं ठरवता येईल. १९५१ मध्ये ड्युनेडिन शहरात एकल्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मांजराच्या मेरुरज्जूतल्या एका चेतापेशीत काचेची अतिबारीक नळी घातली आणि थांबवण्याच्या क्षणी आत काय होतं ते मोजलं. विजेचा सिद्धांत खरा असता तर सुई एका दिशेला जायला हवी होती. ती बरोबर उलट गेली. एकल्स यांनी आपली बाजू सोडली आणि रासायनिक निरोपाची बाजू उचलून धरली. १९६३ चं नोबेल त्यांना मिळालं ते अशाच कामासाठी.

म्हणजे एक पेशी रसायन सोडते आणि दुसरी ते झेलते. मेरुरज्जूत ते रसायन मुख्यतः ग्लायसिन, मेंदूत मुख्यतः गाबा. गाबा मेंदूत सापडल्याचे अहवाल १९५० मध्ये आले. तो ब्रेकचं काम करतो हे पुढच्या काही वर्षांत समोर आलं.

कोकणातलं झाड

आता विषाकडे येऊ. कोकणात आणि गोव्यात काजऱ्याचं झाड ठाऊक नाही असा जुना माणूस विरळाच. फळ दिसायला छान, नारंगी, गोल. आत चपट्या, बटणासारख्या, रेशमी लव असलेल्या बिया. आयुर्वेदात हाच कुचला. गोमूत्रात भिजवून, दुधात उकळून, तुपात परतून त्याची शुद्धी केल्याशिवाय तो औषधात वापरायचा नाही असा दंडक आहे, कारण बी जहाल विषारी. याच कुळातल्या एका झाडाच्या बियांतून १८१८ मध्ये पॅरिसच्या पेल्तिए आणि कॅव्हेंतू या दोघांनी स्ट्रिक्नीन वेगळं काढलं. काजऱ्याच्या बीतलं मुख्य विष तेच. अगाथा ख्रिस्तीच्या पहिल्या कादंबरीतला खून याच विषाने होतो.

स्ट्रिक्नीन पोटात गेलेला माणूस बेशुद्ध पडत नाही, हे त्यातलं सगळ्यात भयंकर. तो पूर्ण जागा असतो. जरा दार वाजलं, कोणी हात लावला की अंगातले सगळे स्नायू एकदम आखडतात. पुढचा आणि मागचा स्नायू एकाच वेळी खेचतात. शेवटी श्वासाचे स्नायू अडकतात आणि माणूस गुदमरतो.

याचा अर्थ काय? विषाने अंगात जादा ताकद घातलेली नसते. ब्रेक काढून घेतलेला असतो. शेरिंग्टन यांच्या काळापासून हा संशय होता. एकल्स यांच्या गटाने १९५३ च्या सुमारास दाखवून दिलं की स्ट्रिक्नीन मेरुरज्जूतला थांबवण्याचा निरोप अडवतं. पुढे ग्लायसिनची भूमिका कळल्यावर चित्र पुरं झालं. ग्लायसिन झेलणारं जे प्रथिन असतं, म्हणजे रिसेप्टर, त्याच्यावर स्ट्रिक्नीन जाऊन बसतं. कुलपात भलतीच किल्ली अडकावी तसं. खरी किल्ली मग आत जातच नाही.

परळ, १९०२

काजऱ्याच्या विषासारखाच दिसणारा एक आजार आपल्याकडे घरोघरी माहीत होता. धनुर्वात. आयुर्वेदाचे जुने ग्रंथ त्याला धनुःस्तंभ म्हणतात. आधी दातखीळ बसते, मग मान ताठ होते, मग पाठ धनुष्यासारखी वाकते. इथेही रुग्ण शुद्धीवर असतो. इथेही आवाजाने आणि उजेडाने झटके येतात, म्हणून अशा रुग्णाला अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवायची पद्धत पडली.

धनुर्वाताचा जंतू माती आणि शेणात राहतो. हवा नसलेल्या खोल जखमेत तो वाढतो आणि विष सोडतो. १८८९ मध्ये कितासातो यांनी तो जंतू वेगळा वाढवून दाखवला आणि १८९० मध्ये बेहरिंग यांच्याबरोबर त्यावरचा प्रतिविषाचा उपायही.

याच जंतूने मुंबईच्या एका शास्त्रज्ञाचं आयुष्य उलटंपालटं केलं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढच्याच वर्षी तो पुण्यात होता आणि त्यात सावित्रीबाई फुले गेल्या. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळला जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. तिथून लाखो डोस देशभर जात होते.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ लोकांना लस टोचली गेली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. ते सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. बाटलीचा क्रमांक ५३-एन. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं.

पुरावा पाहिला तर वेगळंच दिसत होतं. बाटली परळहूनच दूषित निघाली असती तर उघडताना तिला घाण वास आला असता, पण तसा वास कोणाला आला नव्हता. शिवाय गावात बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केलेला नव्हता. रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हे मांडलं, तेव्हा कुठे हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं. पण उमेदीची पाच वर्षं गेली ती गेलीच. आणि मलकोवालच्या १९ घरांना त्या पत्राने काय मिळालं?

त्या १९ जणांच्या अंगात काय घडलं हे मात्र तेव्हा कोणालाच सांगता आलं नसतं. ते कळायला ९० वर्षं लागली. १९५० च्या दशकात एकल्स यांच्याच गटाने दाखवलं की धनुर्वाताचं विष मेरुरज्जूतला ब्रेक बंद पाडतं. १९९२ मध्ये इटलीत मोन्तेकुक्को आणि सहकाऱ्यांनी नेमकी जागा शोधली. हे विष जखमेपासून चेतातंतूतून उलटं वर चढतं, ब्रेकच्या पेशीत शिरतं आणि सायनॅप्टोब्रेव्हिन नावाचं एक प्रथिन कापतं. ग्लायसिन आणि गाबा यांच्या पिशव्या बाहेर रिकाम्या करायला ते प्रथिन लागतं. ते कापलं की निरोप सुटतच नाही.

म्हणजे बघा, एकाच फटीच्या दोन बाजू. धनुर्वाताचं विष निरोप सोडणाऱ्याचा हात धरतं आणि काजऱ्याचं विष झेलणाऱ्याचा. त्रास जवळपास तोच. दोन्ही विषं एकाच यंत्रणेकडे बोट दाखवत होती.

विषाचाच गळ

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. हा ब्रेक बांधतं कोण?

स्ट्रिक्नीन ग्लायसिनच्या रिसेप्टरला घट्ट चिकटतं. मग त्याचाच गळ केला तर? पश्चिम जर्मनीत हाइनरिख बेट्झ आणि सहकाऱ्यांनी तेच केलं. स्ट्रिक्नीनचं एक रूप बारीक मण्यांवर चिकटवलं आणि त्यावरून उंदराच्या मेरुरज्जूचा अर्क सोडला. रिसेप्टर मण्यांना अडकून राहिला, बाकीचं वाहून गेलं. १९८२ मध्ये त्यांनी निकाल छापला. रिसेप्टरच्या तुकड्यांबरोबर दर वेळी आणखी एक मोठं प्रथिन येत होतं, वजन साधारण ९३ हजार डाल्टन. ते रिसेप्टरचा भाग नव्हतं, पण त्याला धरून होतं.

पुढच्या कामात दिसलं की हे प्रथिन पेशीच्या आतल्या बाजूला असतं. एका हाताने रिसेप्टर आणि दुसऱ्या हाताने पेशीचा सांगाडा धरतं. म्हणून त्याला गेफायरिन नाव मिळालं. ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थ पूल.

पुलाचं महत्त्व काय ते १९९३ मध्ये कळलं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशींत गेफायरिन तयार होऊ दिलं नाही, तर ग्लायसिनचे रिसेप्टर तयार होत होते, पण सायनॅप्सपाशी गोळा होत नव्हते. पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर सारखे भटकत असतात. गेफायरिनचे रेणू एकमेकांना जोडून जाळं विणतात आणि भटकणारे रिसेप्टर त्यात अडकून थांबतात. फटीच्या पलीकडे निरोप सुटतो बरोबर त्याच्या समोर.

१९९८ मध्ये गेफायरिनचं जनुक काढलेले उंदीर जन्माला घातले गेले. ते एक दिवसही जगले नाहीत.

मग जाळं नेमकं कुठे विणायचं हे कोण ठरवतं? २००४ मध्ये दिसलं की न्यूरोलिजिन-२ नावाचं प्रथिन मुख्यतः ब्रेकच्याच सायनॅप्समध्ये असतं. ते पेशीच्या बाहेर डोकं काढून समोरच्या पेशीच्या न्यूरेक्सिन या प्रथिनाचा हात धरतं. २००९ मध्ये क्रम जुळला. हात धरला गेला की न्यूरोलिजिन-२ आतल्या कोलिबिस्टिन या प्रथिनाला जागं करतं, ते गेफायरिनला त्या जागी आणतं, गेफायरिन जाळं विणतं आणि जाळ्यात रिसेप्टर येऊन बसतात. मेंदूतल्या गाबाच्या बऱ्याच सायनॅप्सचंही बांधकाम याच मंडळींवर चालतं. आमच्या भाषेत ही डिपेन्डन्सीची साखळी. मधली एक कडी तुटली तरी पुढचं उभं राहत नाही.

उसाच्या शेतातला भाऊबंद

इथे गोष्टीला एक वळण आहे, आणि मला स्वतःला ते सगळ्यात आवडतं. गेफायरिन चेतापेशींच्या कितीतरी आधीपासून आहे. यकृतातही असतं, मूत्रपिंडातही असतं. तिथे ब्रेक नाही, मग ते काय करतं?

मॉलिब्डेनम नावाचा धातू शरीराला अगदी चिमूटभर लागतो. तो तसाच वापरता येत नाही, त्याला एका रेणूत बसवावं लागतं. तो बसवण्याचं शेवटचं काम गेफायरिन करतं. जिवाणूंत आणि झाडांत हेच काम करणारी त्याची भाऊबंद प्रथिनं आहेत.

आमच्याकडे खडकवासल्याच्या कालव्यावर ऊस होतो. उसाला टाकलेला युरिया जमिनीत जाऊन शेवटी नायट्रेट होतो. मुळांनी घेतलेलं नायट्रेट वापरायला उसाला एक विकर लागतं, त्या विकराला मॉलिब्डेनमचा तो रेणू लागतो, आणि तो रेणू पुरा करतं गेफायरिनचं भाऊबंद प्रथिन. नाते इतकं जवळचं, की १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी हे काम बंद पडलेल्या जिवाणूंत आणि वनस्पतींत प्राण्याचं गेफायरिन घालून पाहिलं, तर ते काम परत सुरू झालं.

म्हणजे मेंदूने ब्रेक बांधायला नवा गवंडी शोधला नाही. कामाला असलेल्या जुन्या माणसालाच आणखी एक काम दिलं. म्हणूनच ज्या बाळांच्या गेफायरिनमध्ये जन्मतः मोठा दोष असतो त्यांचं दुहेरी नुकसान होतं. मॉलिब्डेनमचा रेणू बनत नाही, अंगात सल्फाइट साठतं आणि जन्मानंतर लगेच झटके सुरू होतात.

बाळाचा ब्रेक

बाळावर थोडं थांबू, कारण या सगळ्याचा खरा अर्थ तिथे आहे. गाबाचा किंवा ग्लायसिनचा रिसेप्टर उघडला की क्लोराइड पेशीत शिरतं आणि पेशी शांत होते. पण विकसित होत असलेल्या चेतापेशीत क्लोराइड आधीच भरपूर असतं. रिसेप्टर उघडला की ते उलट बाहेर पडतं आणि पेशी शांत व्हायच्या ऐवजी चेतते. पुढे केसीसी-टू नावाचं प्रथिन येतं, ते पंपासारखं क्लोराइड बाहेर काढतं, आणि मग ब्रेक खऱ्या अर्थाने लागू लागतो. १९९९ मध्ये हे स्पष्ट झालं. हा बदल मेरुरज्जूत आधी होतो, मेंदूच्या वरच्या भागात नंतर. नवजात बाळांच्या झटक्यांवर मोठ्यांची औषधं हवी तशी चालत नाहीत, त्याचं एक कारण हे मानलं जातं.

रिसेप्टरच्याच जनुकात दोष असेल तर बाळाला हायपरएक्प्लेक्सिया होतो, साध्या शब्दांत दचकण्याचा आजार. पातेलं पडलं, कोणी नाकाला हात लावला, की बाळ लाकडासारखं ताठ होतं. कधी श्वासही थांबतो. यातलं पहिलं जनुक १९९३ मध्ये सापडलं. उपाय सांगतो, कारण तो कोणाच्या तरी कामी येईल. बाळ ताठ झालं तर डोकं आणि पाय पोटाकडे वाकवून धरायचे, आखडणं सुटतं. मग डॉक्टरांकडे न्यायचं. गाबाच्या ब्रेकला जोर देणारी क्लोनाझेपामसारखी औषधं बऱ्याच बाळांना लागू पडतात. अशा बाळाला ‘बाहेरचं लागलंय’ म्हणत दिवस घालवू नयेत.

आणि नवजात बाळाचा धनुर्वात. नाळ अस्वच्छ विळ्याने किंवा ब्लेडने कापली, वर शेण-माती लागली, की आठवड्याभरात बाळ दूध ओढायचं थांबायचं, कारण दातखीळ. मग पाठ वाकायची. कितीएक घरांत हे नशीब म्हणून सोसलं गेलं. पाचवीला सटवाई कपाळावर लिहून जाते असं म्हणायचे, आणि हा आजारही साधारण त्याच दिवसांत यायचा.

तो थांबला कशाने? आईला गरोदरपणात दिलेल्या टीटीच्या इंजेक्शनाने, स्वच्छ ब्लेडने आणि दवाखान्यातल्या बाळंतपणाने. आईच्या अंगातली प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत जातात आणि विष चेतातंतूत शिरायच्या आधीच त्याला धरतात. एकदा शिरलं की मग त्यांचा उपयोग नसतो. कासुर्डीहून पुण्याकडे जाताना याच रस्त्यावर हडपसर लागतं. तिथली सीरम इन्स्टिट्यूट १९६६ मध्ये सुरू झाली तीसुद्धा धनुर्वाताच्या प्रतिविषावर. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मचे निवृत्त घोडे आधी सीरमसाठी परळच्या हाफकिनला दिले जायचे, मग ते काम त्यांनी स्वतःच हाती घेतलं. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजातांचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचं जाहीर झालं. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी बाळ. जंतू मात्र मातीत आहेच. तो कधी जाणार नाही.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. टीटीचं इंजेक्शन देणाऱ्या नर्सबाईंना गेफायरिन माहीत असायची गरज नव्हती. लस आधी आली, समज नंतर आली. मग समजेचा उपयोग काय? उपयोग दचकणाऱ्या बाळाला आहे. फीट येणाऱ्या पोराला आहे. कोलिबिस्टिन किंवा न्यूरोलिजिनमधल्या दोषांचा संबंध अपस्मार, ऑटिझम अशा गोष्टींशी जोडला जातोय, तिथे आहे. या मुलांना टोचायला लस नाही. त्यांच्यासाठी कडी कुठे तुटली आहे हे शोधूनच पुढे जावं लागेल.

तेव्हा एवढं करा. शेतात काही लागलं तर ‘खिळा गंजका नव्हता’ म्हणून सोडून देऊ नका. गंजाचा प्रश्नच नाही, प्रश्न माती आणि शेणाचा आहे. जखम साबणाने धुवा, दवाखान्यात दाखवा आणि शेवटचं टीटी कधी घेतलं ते आठवा. आठवत नसेल, तर बहुतेक वेळ झाली आहे.

भेटू पुढच्या भागात.